बिअर बसते का?

पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ हा वजन कमी करण्यावरचा मराठीतला सगळ्यात महत्त्वाचा लेख आहे, असं माझं मत आहे. विनोदी लेख म्हणून तो अनेकांना पाठ असतो, त्यामुळे त्यातलं निरीक्षण किती नेमकं आहे हे बाजूला राहतं. माणसाने वजन उतरवायचं जाहीर केलं, की त्याचं शरीर त्याचं एकट्याचं राहत नाही. ते चाळीचं होतं. जो तो सल्ला द्यायला येतो, आणि प्रत्येकाच्या सल्ल्यात काहीतरी सोडायचं असतं. एकाचा राग एका पदार्थावर, दुसऱ्याचा दुसऱ्यावर. सगळ्यांचं ऐकलं तर ताटात ताटच उरेल.

या सोडासोडीत ‘बिअर सोडा’ असं कुणी सांगत नाही. सांगणारही कसं? पुस्तक १९५८ सालचं. मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने दारूबंदी आलेली होती. गिरगावातल्या पांढरपेशा चाळीच्या आहारात दारू अधिकृतपणे नव्हतीच, तेव्हा ती सोडण्याचाही प्रश्न नव्हता.

आपल्याकडे दारू वेगळ्या फळीवर ठेवलेली आहे. त्या फळीवरचं मुख्य पुस्तक गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर महिन्याभरात रंगभूमीवर आलं. सुधाकराची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते, तळीराम पहिला प्याला पुढे करतो, आणि तिथून सिंधूसकट सगळं घर धुळीला मिळतं. नाटकाचं शीर्षक हाच त्याचा मुद्दा आहे. एकच, असं म्हणून घेतलेला प्याला एकच राहत नाही. म्हणजे प्रमाणात पिण्याच्या कल्पनेविरुद्धचं हे नाटक आहे. नाटक न वाचलेल्यांनाही त्यातला एक माणूस ठाऊक असतो. दर ३१ डिसेंबरला वर्तमानपत्रांत ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा असतोच. एका पात्राचं सामान्यनाम होणं हे नाटककाराचं मोठंच यश. तोटा इतकाच, की त्यामुळे पिणाऱ्या माणसासाठी मराठीत तो एकच साचा शिल्लक राहिला.

तर अशा दोन फळ्या आहेत. चरबी हा हसण्याचा विषय आणि दारू हा रडण्याचा. आठ किलो उतरवायचे आहेत आणि शनिवारी मित्रांसोबत एक बिअरही प्यायची आहे, अशा माणसाबद्दलचं मराठी लेखन कुठल्या फळीवर ठेवायचं? मी शोधलं, आणि जे हाती लागलं त्याबद्दल हा लेख आहे.

मी महाडचा. नोकरी पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत, पण महिन्यातले बरेच दिवस घरूनच काम चालतं. आजोळ पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या अंगावर. वजन सांगून टाकतो : ९१ होतं, आता ८३ आहे. हे यशोगाथा म्हणून सांगत नाही. पुढे आकडे येणार आहेत, ते कोण मांडतोय एवढं कळावं म्हणून.

आधी भाषेकडे बघू, कारण अडचण तिथूनच सुरू होते. आमच्याकडे गणपतीला चाकरमानी गावी आला आणि त्याचे गाल वर आलेले दिसले, की म्हातारी माणसं म्हणतात, ‘तब्येत सुधारली हो.’ तोच बारीक होऊन आला तर, ‘किती वाळलास, खानावळीचं मानवत नाही वाटतं.’ आपल्या बोलण्यात तब्येत म्हणजे आरोग्य आणि तब्येत म्हणजे आकारमान. ती सुधारते तेव्हा वाढते. वजन कमी केलेल्या माणसाचं कौतुक करायला घरगुती मराठीत शब्द नाही. ‘फिट’ हा उसनाच घ्यावा लागतो. ज्या डोंगरात दोन पिढ्यांपूर्वी पावसाळ्याचे शेवटचे दिवस नाचणीच्या भाकरीवर आणि रानभाज्यांवर निघायचे, तिथे भाषा अशीच घडणार. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा शब्द ‘बसणं’. ‘काय, बसायचं का आज?’ याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. आणि एखादी गोष्ट मापात मावणं, हिशेबात येणं, यालाही आपण बसणंच म्हणतो. बिअर डाएटमध्ये बसते का, हा प्रश्न विचारताना आपण एकच क्रियापद दोन्ही अर्थांनी वापरत असतो. गंमत म्हणजे पहिल्या अर्थाचं बसणं तीन तासांचं असतं. अडचण बहुतेक वेळा बिअरपेक्षा त्या तीन तासांची असते. त्यावर पुढे येतो.

सरकारनेही या विषयावर लिहिलेलं आहे, आणि ते समीक्षेला उत्तम साहित्य आहे. महाराष्ट्रात दारू प्यायची तर कायद्याने परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आलं. मुंबई-गोवा महामार्गावरच्या पाट्यांवर ते आपण इतकं पाहिलंय, की ते कायद्याचे शब्द आहेत हे विसरून गेलोय. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. (छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेली बिअरही कायद्याच्या लेखी विदेशीच.) या परवान्याची जुनी कायदेशीर भाषा काय आहे? परवानाधारक हे मद्य आरोग्याच्या रक्षणासाठी आणि ते टिकवण्यासाठी बाळगतो आणि पितो, अशी. दारूबंदीच्या काळातली ही पळवाट पुढे इतकी रुंद झाली, की तिचाच हमरस्ता झाला. मग बाटली हातात घ्यावी, तर तिच्यावर इशारा : मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. खिशातला कागद म्हणतो आरोग्यासाठी पितोयस, हातातली काच म्हणते आरोग्य बिघडवतोयस. दोन्हींना सरकारची मान्यता.

तिसरा सरकारी मजकूर तर निव्वळ चित्र आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. महिला मतदारांच्या बहुमताने बाटली आडवी झाली, की दुकान बंद. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही क्षणात कळावं अशी ही रचना आहे, आणि ती ज्यांनी लढून मिळवली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझा एक मामा दारूने गेला. यकृत संपलं होतं. शेवटच्या वर्षात त्याचे हातपाय काड्यांसारखे आणि पोट मोठं झालेलं होतं, आणि गावातलं एखादं म्हातारं माणूस लांबून बघून म्हणायचं, ‘अंगात भरलाय की.’ मामीला त्या काळात कुणी मतपत्रिका दिली असती, तर तिने कुठलं चित्र निवडलं असतं हे सांगायला नको. त्यामुळे गडकऱ्यांना ‘जुनाट’ म्हणून हसणाऱ्यांत मी बसत नाही. ज्या घरातून प्याला फिरून गेलाय, तिथे ते नाटक जुनं झालेलं नाही.

पण मतपत्रिकेवर तिरकी बाटली नाही. अर्धा ग्लास नाही. आमच्या घरातही नाही. म्हणून माझ्या वयाची मुलं काय करतात, तर घरी काहीच बोलत नाहीत. बिरवाडीच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा मित्र घरी ‘ओव्हरटाइम आहे’ सांगतो आणि येताना बडीशेप खाऊन येतो. त्याने वजन उतरवायला घेतलंय. सकाळी पोळ्या मोजतो, दुपारी डब्यातला भात अर्धा करतो, चहातली साखर बंद केलीय, हे सगळं घराला माहीत. शनिवारच्या दोन बाटल्या घराला माहीत नाहीत, म्हणून त्या त्याच्या हिशेबातही नाहीत. महिनाभराने काटा जागेवर, आणि आई म्हणते, ‘बघ, भात कमी करून काही होत नाही, हाडच मोठं आहे तुझं.’ लपवलेली गोष्ट मोजली जात नाही. माझ्या मते हा प्रश्न चारित्र्यापेक्षा नोंदवहीचा जास्त आहे.

मग डाएटची पुस्तकं काय म्हणतात? २०१८च्या सुमाराला मराठी घरांत आणि व्हॉट्सअॅपवर दोन पक्ष पडले होते. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित : डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून पुढे नेलेला, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा मार्ग, जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर, ज्यांचं पहिलं इंग्रजी पुस्तक २००९मध्ये आलं : दर दोन तासांनी थोडं खा, तूप-भाताला घाबरू नका, आजी जे खायची ते खा. या दोन पक्षांत तेव्हा असा वाद झाला, की ‘उपास’मधली चाळ मोबाईलमध्ये राहायला आलीय असं वाटावं.

लेखन म्हणून पाहिलं, तर दीक्षितांच्या पुस्तकाची ताकद त्याच्या शीर्षकात आहे : ‘विनासायास वेटलॉस’. गद्य सपाट आहे, पण नियम लक्षात राहतो, कारण तो एकादशीसारखा आहे. काय खाल्लं यापेक्षा कधी आणि किती वेळा खाल्लं याला महत्त्व. उपास करत आलेल्या समाजाला ही भाषा आधीच येत होती. तर्क असा, की प्रत्येक खाण्यामागे शरीरात इन्शुलिन येतं, तेव्हा खाण्याच्या वेळाच कमी करा. या नियमात बिअर घालून बघा. ५५ मिनिटांच्या जेवणात ती तांत्रिकदृष्ट्या बसते. पण कुठलीही मराठी बैठक ५५ मिनिटांत उठत नाही. उठलीच तर लोक भांडून उठलेत असं समजावं. मित्रांमधला एक जण मात्र खरोखर मोबाईलवर टायमर लावून बसायचा. पन्नासाव्या मिनिटाला उरलेली अर्धी बाटली घटाघट. वेळेच्या नियमाने त्याला हळू पिणारा होता तो भरभर पिणारा केला. ही पळवाट पुस्तकाची नाही, वाचकाची आहे. पण चांगल्या नियमाने वाचकाच्या पळवाटांचा अंदाज घेतलेला असावा, निदान आमच्या धंद्यात तरी तसं मानतात.

दिवेकरांचं लेखन जास्त चांगलं आहे. त्यात माणूस दिसतो, घर दिसतं, जेवणाबद्दलची अपराधी भावना काढून टाकण्याचा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. पण आजीची कसोटी माझ्या उपयोगाची नाही. माझ्या आजीने बिअर पाहिलेली नाही. किनाऱ्यावरच्या रायगडात एखाद्या आजीच्या कसोटीला माडी कदाचित उतरेल. आमच्या डोंगरातली आजी बाटलीचा आकार बघूनच दार लावून घेईल.

उरला तो तिसरा पंथ : कॅलरी मोजणाऱ्यांचा. याचं साहित्य इंग्रजीत, आणि मराठीत आलंच तर अॅपच्या अनुवादातून. इथे कुठलाही पदार्थ पापी नाही, सगळ्याला आकडा आहे. स्वभावाने मी याच पंथाचा. गणित असं : शुद्ध मद्यार्काचं एक ग्रॅम सात कॅलरी देतं. एक मिलिलिटर मद्यार्क ०.७८९ ग्रॅम भरतो. म्हणजे मिलीमागे साधारण साडेपाच कॅलरी. मोठी बाटली ६५० मिलीची. स्ट्राँग असेल तर आठ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५२ मिली मद्यार्क, म्हणजे २८६ कॅलरी. शिवाय उरलेल्या माल्टच्या ८० ते १००. पावणेचारशेची बाटली. माइल्ड पाच टक्क्यांची, ती २६०च्या आसपास. माइल्डचा ३३० मिलीचा पाइंट १३०. रोज पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याची बचत साडेतीन हजार, म्हणजे अर्ध्या किलोहून किंचित कमी चरबी. शनिवारी दोन स्ट्राँग आणि शंभर ग्रॅम मसाला शेंगदाणे (साडेपाचशेच्या वर) म्हटले, तर बाराशे-तेराशे गेले. आठवड्याच्या बचतीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग, आणि अजून कोळंबी फ्राय आलेली नाही.

हे गणित स्वतः करावं लागतं, कारण बाटलीवर ते सापडत नाही. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर पोषणमूल्यांचा तक्ता असतो. मद्याच्या लेबलवर मात्र २०१८च्या राष्ट्रीय नियमांनी पोषणमूल्यं छापायलाच मनाई केली. पुढे फक्त कॅलरींच्या आकड्याला परवानगी मिळाली, तीही ऐच्छिक. हेतू समजण्यासारखा आहे. दारू हा ‘पोषक’ पदार्थ वाटू नये. पण परिणाम असा, की हानिकारक एवढं कळतं, किती ते कळत नाही. पुन्हा उभी बाटली, आडवी बाटली.

तर आकड्यांच्या या पंथाने मला उत्तर दिलं का? दिलं, आणि तिथेच मला त्याची भीती वाटली. भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचा वाटा मोठा आहे, कारण परमिट रूममधलं गणित ‘रुपयामागे किक’ असं चालतं. डाएटचं गणित ‘किकमागे कॅलरी’ असं. आता हे दुसरं गणित शेवटपर्यंत सोडवून बघा. माइल्डच्या मोठ्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम मद्यार्क आहे, कॅलरी २६०. तेवढाच मद्यार्क व्हिस्कीतून घेतला तर १८०, कारण व्हिस्कीत माल्टची साखर उरलेली नसते. सोड्याला कॅलरी शून्य. म्हणजे कॅलरीच्या दृष्टीने सगळ्यात शहाणा सल्ला : बिअर सोड, व्हिस्की घे, सोबत जेवू नकोस. हा सल्ला मी जिममध्ये दोनदा ऐकलाय, अगदी शास्त्रीय आवाजात. मामा नेमका असाच प्यायचा. रिकाम्या पोटी, चखण्याशिवाय, सोड्याऐवजी पाण्यातून.

गणित कुठे चुकलं? बेरजेत चूक नाही. मद्यार्काला भाताच्या रकान्यात लिहिलं, तिथे गडबड झाली. मद्यार्क शरीराला साठवता येत नाही, म्हणून यकृत बाकी कामं मागे टाकून आधी तो जाळतं, आणि तोवर चरबी जळणं मागे पडतं. झोप बिघडते, दुसऱ्या दिवशी चालणं होत नाही, भूक वाढते; यातलं काहीच त्या १३०मध्ये लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्टच म्हटलं, की दारूचं पूर्ण सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. म्हणजे वजन कमी होईलही, बिअर ‘बसेल’ही, आणि तरी ती तब्येतीची गोष्ट होणार नाही. वजन आणि आरोग्य हे दोन वेगळे रकाने आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांनी ‘तब्येत’ शब्दात ते एक केले, आणि अॅपने उलट्या बाजूने तेच केलं. एकाला जाड माणूस निरोगी दिसतो, दुसऱ्याला हलका.

तरीही मला मोजणारा पंथ सोडावासा वाटत नाही, आणि याचं कारण आपल्या जुन्या पद्धतीत आहे. दारू आणि उपास यांची सांगड आपण घातलेलीच आहे, तिचं नाव गटारी. आषाढ अमावस्येला कोंबडी, मटण आणि बाटल्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, सगळं बंद. लोकांना वाटतं हा संयमाचा सण आहे, कारण महिनाभर सोडलेलं दिसतं. गटारीच्या दिवशी महाडच्या बाजारात चिकनच्या दुकानापुढची रांग पाहिली, की यात वर्षभराचा माप नावाचा प्रकारच नाही हे कळतं. एक दिवस अमर्याद, मग शून्य, मग श्रावण संपल्यावर ‘महिन्याचं राहिलंय’ म्हणून पुन्हा अमर्याद. डॉक्टर ज्याला धोकादायक पिणं म्हणतात, ते हेच, एका बैठकीत खूप. गडकऱ्यांना ‘एकच’ अशक्य वाटला. गटारी ‘एकच’ मागतही नाही. या दोघांच्या मधली जागा, जिथे माणूस एक पाइंट पितो, वहीत लिहितो आणि उठून घरी जातो, तिच्यावर मराठीत कथा नाही, प्रहसन नाही, चांगला लेखही नाही. नाट्य नाही ना त्यात. उठून घरी जाणाऱ्या माणसावर तिसरा अंक लिहिता येत नाही.

‘उपास’ मात्र इथे मदतीला येतो, आणि म्हणून तो मोठा लेख आहे. चाळीतल्यांच्या सल्ल्यांना पु.लं.नी हसवलं, पण ते उघड्यावर दिलेले होते. त्या माणसाचं वजन सगळ्यांसमोर वाढतं आणि सगळ्यांसमोर थट्टेचं होतं. बैठकीबद्दल एवढं उघडं, एवढं बिनधास्त हसता आलं असतं, तर बडीशेपेचा खप थोडा कमी झाला असता.

माझी नोंदवही मोबाईलमध्ये असते आणि मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. एका रविवारी आईने भाकरी थापता थापता स्क्रीनवर वाचलं : ‘बिअर, ३३० मिली, १३०’. मी मामाबद्दलच्या वाक्याची वाट बघत होतो. तिने पिठाचा हात पुसला आणि विचारलं, ‘हे एकशेतीस म्हणजे किती भाकऱ्या?’ आमच्या घरची तांदळाची भाकरी मोठी असते, दोनशेच्या वर जाते. अर्धीहून थोडी जास्त, म्हणालो.

‘मग अर्धी भाकरी कमी खा,’ ती म्हणाली, ‘आणि ते पण पिऊ नको.’